काट्यापाशी उभी राहणारी संघटना



व्यापाऱ्यांची, जिनिंगवाल्यांची संघटना कोणाची? तिच्या सभासदांची, हे उत्तर सोपं आहे. कापसाच्या मुलखात मात्र तेवढ्यावर भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. जो शेतकरी तिचा सभासद नाही, त्याच्याच गाडीचं वजन आणि भाव तिच्या दारात ठरतो. तेव्हा जाब त्यालाही द्यावा लागतो.

आपल्या वऱ्हाडाला हा प्रश्न जुना आहे. देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ 1886 मध्ये कारंज्याला सुरू झाली. पुढे 1897 च्या कायद्याने वऱ्हाडात बाजार समित्या आल्या, पण त्यांत वजन व्यापाऱ्यांचंच राहिलं; ज्याचा कापूस, त्याला आवाज नव्हता. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कापसाच्या सट्ट्याने इतका गोंधळ माजला, की 1921 मध्ये ‘ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन’ उभी करावी लागली. आजची ‘कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया’ ती हीच. सौदे कसे करायचे, प्रत कशी ठरवायची, वाद झाला तर लवादाकडे कसा न्यायचा, याचे नियम तिने बांधले. त्या काळातला 1925 चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा मला फार मोलाचा वाटतो. गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक आला. भेसळीची गठाण कुठल्या प्रेसमधून निघाली, हे दूरच्या गिरणीलाही कळू लागलं. चांगला माल देणाऱ्या प्रेसचं नाव त्यामुळे वाचलं.

आता आपल्या राळेगावच्या काट्यापाशी या. ओलावा मोजायचं यंत्र गाडीतल्या कापसात खुपसतात. वरचा थर उन्हाने वाळलेला, तळाचा दवाने भिजलेला. कुठे खुपसलं त्यावर आकडा ठरतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, तोही 8 टक्के ओलाव्याचा. ओलावा 12 टक्के निघाला आणि टक्क्यामागे टक्का कापला, तर क्विंटलमागे सव्वातीनशे रुपये गेले. वीस क्विंटलच्या गाडीला जवळजवळ साडेसहा हजार. मजूर लावून वेचणी केलेल्या माणसाला ही रक्कम थोडी नाही. यंत्राबद्दलच्या त्याच्या शंकेचं निरसन कोण करणार? माझ्या मते संघटनेने करावं. यंत्रांची तपासणी चारचौघांसमोर व्हावी आणि कापूस गाडीतल्या तीन-चार ठिकाणांहून तपासावा.

दुसरी बाजूही मी सांगतो. खताच्या प्लास्टिक पोत्यात कापूस वेचला की पोत्याचे धागे त्यात मिसळतात. सूत रंगवल्यावर ते डाग होऊन दिसतात आणि गिरणी भाव कापते. हा दोष शेतकऱ्याला झिडकारून जाणार नाही. सुती पिशव्या वाटणं आणि स्वच्छ मालाला जादा भाव देणं, या दोन गोष्टी संघटना करू शकते. तसा भाव मिळाला की शेतकरी स्वतःच काळजी घेईल.

सरकारदरबारी बोलायची वेळ आली की खरी कसोटी लागते. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. वस्त्रोद्योगाच्या संघटनांची ती मागणी होती, कारण त्यांना स्वस्त रुई हवी होती. इथे मात्र बोंडं फुटायची होती, आणि सवलत आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. ऐन हंगामात परदेशी रुईची वाट मोकळी झाली. मुंबई-दिल्लीत आपल्या धंद्याचं निवेदन जातं, तेव्हा त्यात वेचणीच्या मजुरीचा एक तरी आकडा असतो का, हे राळेगावच्या जिनिंगवाल्यांनी विचारायला हवं. शेतकऱ्याने कापूस सोडून सोयाबीन धरलं, तर जिन कशावर चालणार?

महिनाभरात पेरण्या सुरू होतील, दसऱ्याला नवा कापूस येईल. तोवर व्यापारी बांधवांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात, एवढीच विनंती आहे: दर आणि कटती फलकावर लिहा, यंत्रं लोकांसमोर तपासा, आणि चुकारा त्याच दिवशी द्या.