लेझरला दिसलेला खोटा कोपरा

हेडफोन लावलेत ना? आज मी माझी एक चूक सांगणार आहे. सहा वर्षं झाली, पण कारखान्यात लेझर लागला की अजून आठवते.

आधी लेझर स्कॅनर म्हणजे काय ते बघू. लेझरची बारीक रेघ वस्तूवर पडते. बाजूला, तिरक्या कोनात एक कॅमेरा असतो. वस्तू सपाट असेल तर रेघ सरळ दिसते. मध्ये उंचवटा किंवा खड्डा आला की रेघ तिथे सरकते. किती सरकली यावरून उंची काढायची. बस्स, शाळेतली त्रिकोणमिती! २०१७ मध्ये आलेल्या आयफोन टेनचं फेस आयडीही याच कुळातलं. ते चेहऱ्यावर ३०,००० हून जास्त न दिसणारे ठिपके टाकतं आणि त्यावरून चेहऱ्याची ठेवण ओळखतं.

आता गोष्ट. मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला नवीन लागलो होतो. डिप्लोमा ताजा, स्कॅनरही ताजा. ॲल्युमिनियमचे ४० जॉब आले होते, प्रत्येकात एक खोल चौकोनी खाच. स्कॅन केला तर खाचेचा कोपरा सगळ्या जॉबमध्ये लालभडक! ड्रॉइंगवर ०.१ मिलिमीटरची मुभा, आणि स्कॅनर दाखवतोय ०.४ चा फरक. मी सगळ्यांना रिजेक्टचे टॅग लावले.

मशीनवरचे सेटर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, डेप्थ मायक्रोमीटर घेऊन आले. म्हणाले, "साहेब, माझ्या मापात तर बरोबर येतंय. एकदा बघा ना."

मी काय म्हणालो माहितीये? "मामा, तुम्ही चार ठिकाणी मोजता, हा लाखो ठिकाणी मोजतो." आणि रिपोर्ट वर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मामांना त्या मशीनवरून काढलं. ज्या माणसाने पंधरा वर्षं ते मशीन चालवलं, तो पॅकिंगला उभा.

माझ्या मनाला मात्र एक गोष्ट खात होती. टूल झिजलं असतं तर चूक हळूहळू वाढत गेली असती. इथे पहिल्या जॉबपासून चाळिसाव्यापर्यंत तेवढीच, आणि फक्त कोपऱ्यात. संध्याकाळी थांबलो आणि रंगीत नकाशा बंद करून कॅमेऱ्याचं मूळ चित्र उघडलं. कोपऱ्यात लेझरच्या दोन रेघा दिसत होत्या! एक खरी. दुसरी चकचकीत भिंतीवर आपटून तळावर पडलेली. सॉफ्टवेअरने जी जास्त उजळ, तीच खरी धरली होती.

हे घरी करून बघा. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारा, उजेड कुठूनही दिसतो. आता स्टीलच्या ताटावर मारा. एका बाजूने डोळे दिपतात, दुसरीकडून ताट काळपट दिसतं, आणि उजेडाचा गोळा भलत्याच भिंतीवर नाचतो. कॅमेऱ्याचं तेच होतं. (टॉर्चच बरं का, लेझर पॉइंटर ताटावर मारू नका, डोळ्याला धोका असतो.)

मग स्कॅनरचं कॅलिब्रेशन चुकलं होतं का? नाही, दाखला ताजा होता. पण ते कॅलिब्रेशन चमक नसलेल्या, मॅट वस्तूवर केलेलं असतं. आमची खाच आरशासारखी होती.

जॉबवर पांढऱ्या पावडरचा पातळ स्प्रे मारून परत स्कॅन केला. कोपरा हिरवा! स्प्रेचा थरही काही मायक्रॉनचा असतो, तेवढा हिशेबात धरावा लागतो. पण ०.४ चा फरक गायब झाला होता.

सकाळी नवा रिपोर्ट दिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की मोजमाप माझं चुकलं, काम नाही. मग पॅकिंगला जाऊन मामांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "चला, आधी जॉब सोडवा, गाडी थांबलीये." त्याच दिवशी ते परत मशीनवर आले. पण मधली ती एक शिफ्ट मी त्यांना परत देऊ शकलो नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. स्कॅनर आणि हातातलं माप जुळलं नाही, तर टॅग लावायच्या आधी मूळ चित्र बघायचं. स्कॅनर वस्तू मोजत नाही, परत आलेला उजेड मोजतो. तो उजेड कुठून फिरून आला, हे आपण विचारायचं असतं.

तुमच्या कामात कधी असं झालंय का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!