फाशांची भाषा आणि संगणकाचा पट

सारीपाटांत दान म्हणजे केवळ आंकडा नव्हे. कवड्यांचें अमुक एक दान पडलें कीं खेळणाऱ्यास पुन्हां फेकण्याचा हक्क मिळतो, आणि हरत आलेला डाव उलटतो. भूमिका घेऊन खेळावयाच्या पाश्चात्त्य खेळांत हीच गोष्ट फार पुढें गेली आहे.

१९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यानें चार, आठ, बारा व वीस पृष्ठांचे फासे घरोघर नेले. पुढील कर्त्यांनीं फाशांचे नियमच पालटले. आज दूरदूरच्या गांवीं बसलेले गडी हे खेळ आंतरजालावरील एका सामायिक पटावर खेळतात, आणि फासे संगणक टाकतो. बेरीज करणें त्यास सोपें. अडतें तें चमत्कारिक नियमांपाशीं.

'सॅव्हेज वर्ल्ड्स' हा २००३ सालचा खेळ घ्यावा. त्यांत फाशावर सर्वांत मोठा आंकडा आला कीं तो फासा पुन्हां टाकून भर घालावयाची; पुन्हां तोच आंकडा आला तर आणखी एकदां. कसबी पात्रास मोठा फासा मिळतो. आतां गंमत अशी कीं, एकाच फाशानें ६ गांठावयाचे असतील, तर सहा पृष्ठांच्या फाशास यश सहांत एकदां, म्हणजे शेंकडा सुमारें १६.७. चार पृष्ठांच्या फाशास प्रथम ४ व मग निदान २ हवेत. ही शक्यता सोळांत तीन, म्हणजे शेंकडा १८.७५. धाकटा थोरल्यावर मात करतो! याला कोणी दोष म्हणेल, कोणी खुमारी. परंतु संगणकानें पुन्हां फासा टाकलाच नाहीं, तर धाकट्यास ६ कधींच गांठतां यावयाचे नाहींत. खेळच निराळा होईल.

'एज ऑफ द एम्पायर' या २०१३ सालच्या खेळांत तर फाशांवर आंकडे नसून चिन्हें आहेत. यश व अपयश एकमेकांस खातात. लाभ व संकट यांचा हिशेब वेगळा. म्हणून 'काम साधलें, पण अंगाशीं आलें' असेंही दान पडतें. सगळ्यांची एकच बेरीज केली कीं हा अर्थ मेला.

प्रत्येक खेळासाठीं नवी कळ बसविण्यास अंत नाहीं. कोपनहेगन विद्यापीठांतील टॉर्बेन मोगेन्सेन यांनीं 'ट्रोल' नांवाची एक छोटी भाषाच रचली. नियम तींत थोडक्यांत लिहावा. संगणक फासे टाकतो, शिवाय प्रत्येक दानाची शक्यताही काढून देतो. हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

साध्या फाशांतही अन्याय शिरतो. संगणकास ० ते २५५ पैकीं एक संख्या सहजगत्या मिळाली, आणि तिला ६ नें भागून उरलेल्या बाकीवरून पृष्ठ ठरविलें, तर चार पृष्ठांच्या वांट्यास ४३ संख्या येतात, दोहोंच्या ४२. २५२ पासून पुढील संख्या टाकून नवी मागावी, म्हणजे हा पक्षपात मिटतो.

आणि ज्याचें पात्र अनेक महिन्यांच्या खेळानंतर एका फेकींत मरतें, त्यास पडद्यावरचा नुसता १७ पटत नाहीं. पाटाभोंवतीं बसलेले गडी वांकून फासा पाहात; तेवढी सोय येथेंही हवी. कांहीं पटांवर पुन्हां टाकलेला फासाही दिसतो, आणि हिशेबांतून वगळलेला फिकट रंगानें त्याच्या शेजारींच ठेवतात.