बिनतारी डबा बदलताना
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला दरवर्षी कोणीतरी एक उपयोगाचा विषय सांगायचा, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. मागे कुणी मधुमेहातला आहार सांगितला, कुणी मृत्युपत्र कसे करावे ते सांगितले. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या घरी तो वायफायचा राउटर बदलला ना, त्यावरच बोला." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. इंजिनियर बोलला तर आम्हांला कळायचे नाही." तेव्हा माझे काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

या प्रकरणात माझी एक चूक आहे. ती आधी कबूल करते, मग पुढचे सांगते.

आमचे घर म्हणजे साताऱ्यातला जुना वाडा. खालच्या भिंती दगडाच्या, दीड-दीड हात जाड. खाली माजघर, वर माडी. आमची सूनबाई पुण्याच्या एका कचेरीत हिशेबाचे काम करते. नात सात महिन्यांची, म्हणून तिला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. माडीवरच्या खोलीत ती दिवसभर संगणक घेऊन बसे. ऑक्टोबरचे ऊन सुरू झाले आणि रोज दुपारी वायफाय बंद पडू लागले. साहेब बोलत असताना मध्येच हिचा आवाज जाई. तीनचार वेळा असे झाल्यावर कचेरीतून निरोप आला, की महिनाअखेर घरची व्यवस्था नीट करा, नाही तर रोज कचेरीत यावे लागेल. सातमहिन्यांचे मूल घरी टाकून रोज सातारा-पुणे कोण करणार? म्हणजे नोकरी सोडायची, एवढाच अर्थ.

आणि मी काय समजत होते? मला वाटे, ही कामाची टाळाटाळ आहे. यंत्राचे निमित्त सांगते. तोंडाने बोलले नाही, पण सासूचे मन तुम्हांला ठाऊक आहे. एका दुपारी पाहिले तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली. गुडघ्यावर संगणक, मांडीला बिलगून मूल, आणि डोळ्यांत पाणी. त्या पायरीवर जरा बरे चालते म्हणून ती तिथे बसली होती. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

संध्याकाळी मुलाने माजघरातल्या फ्रिजवरचा राउटर उचलला. त्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला होता. धूळ बसू नये म्हणून! खालचा डबा असा तापला होता की हात ठेववेना. त्या डब्याला अंगाला जी बारीक भोके असतात ती वारा खेळायला असतात. मी पाच वर्षे ती झाकून ठेवली होती. उष्णतेने आतले भाग लवकर थकतात. सगळा दोष रुमालाचा नसेल, डबाही जुना झाला होता; पण माझा वाटा त्यात होताच.

आता मुख्य गोष्ट. यंत्र बिघडले की आपण लगेच दुकान गाठतो. तसे करू नये. आधी बिघाड कुठे आहे ते शोधावे. आपल्या घरी बाहेरून फायबरची तार येते ती एका डबीत येते. त्या डबीतून इंटरनेट राउटरमध्ये जाते, आणि राउटर ते बिनतारी करून घरभर वाटतो. म्हणजे नगरपालिकेचे पाणी आधी टाकीत आणि टाकीतून नळांना, तसे. नळाला पाणी नाही म्हणून कोणी लगेच नळ बदलतो का? आधी टाकीत डोकावून पाहतो. पुष्कळांच्या घरी डबी आणि राउटर एकाच डब्यात असतात, आणि तो डबा कंपनीने दिलेला असतो. तसे असेल तर पैसे खर्चू नयेत, कंपनीकडूनच बदलून मागावा.

आम्ही कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे तीन दिवस टिपण ठेवले. किती वाजता बंद पडले, त्या वेळी कुठला दिवा लागला होता, हे मी स्वतः लिहीत होते. फायबरच्या डबीवर एल.ओ.एस. असे लिहिलेला दिवा असतो. तो तांबडा लागला तर खोट बाहेरच्या तारेत. राउटर बिचारा निर्दोष. आमच्याकडे तो एकदाही लागला नाही. मग मुलाने संगणक तारेने थेट डबीला जोडला. सबंध दुपार इंटरनेट सुरळीत! तोच संगणक तारेने जुन्या राउटरला जोडला, तर दोन वाजता पुन्हा बंद. शेजारच्या वहिनींकडून तेवढ्याच व्होल्टचा अडॅप्टर आणून लावून पाहिला, कारण पुष्कळदा राउटर चांगला असतो आणि अडॅप्टरच गेलेला असतो. तरीही फरक नाही. तेव्हा कुठे राउटरवर ठपका ठेवला.

एक सावधगिरी सांगते. डब्याच्या मागे रिसेटचे बारीक भोक असते, त्यात उगीच काडी घालू नका. बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि रिसेट करणे वेगळे. रिसेटने आत भरलेली सगळी माहिती पुसली जाते. काही घरी कंपनीच्या खात्याचे नाव आणि गुप्तशब्द राउटरमध्येच भरलेले असतात. जुना डबा काढण्यापूर्वी ते कंपनीकडून विचारून वहीत लिहून ठेवावे, नाही तर नवा आणूनही घरात अंधार.

आता खरेदी. पहिली खरेदी आमची फसली, तीही सांगते. मुलाने घाईने सर्वांत स्वस्त राउटर मागवला. खोक्यावर ३०० असा मोठा आकडा. आमचे कनेक्शन दीडशेचे, म्हणून आम्ही खूश. पण घरी आल्यावर कळले, की त्याच्या मागची तारेची भोके शंभराचीच. दीडशेचे पाणी शंभराच्या नळीतून कसे जाणार? शिवाय तो एकाच पट्ट्यावर चालणारा निघाला. मुदतीत परत केला म्हणून पैसे वाचले.

दुसऱ्या वेळी मी स्वतः मुलाबरोबर बाजारात गेले. दुकानदार आधी मुलाशीच बोलत होता. त्याने सहा शिंगांचा एक डबा काढला आणि म्हणाला, "हा घ्या, सगळ्या घरभर रेंज." मी पदराच्या गाठीतून कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारू लागले, तशी त्याने मला खुर्ची दिली. तो कागद तुमच्यासाठी वाचून दाखवते.

पहिला प्रश्न, दोन पट्टे आहेत का? राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ लांब जातो, भिंती थोड्याफार ओलांडतो, पण त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असला तर त्याचीही लुडबूड. ५ चा पट्टा वेगाचा आणि मोकळा, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. घरात दोन्ही हवेत.

दुसरा, तारेची भोके गिगाबिट आहेत का? कनेक्शन शंभरापेक्षा जास्तीचे असेल तर हे विचारलेच पाहिजे.

तिसरा, खोक्यावरचा आकडा कसा झाला? १२०० लिहिलेले असते, तेव्हा एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज करून वर ढकललेली असते. एका फोनला १२०० कधीच मिळत नाहीत. शिवाय कनेक्शन दीडशेचे असेल तर कुठल्याही राउटरने त्याचे पाचशे होत नाहीत. शिंगांच्या संख्येवरही जाऊ नये. शिंगे जास्त म्हणून म्हैस जास्त दूध देत नाही!

चौथा, कितवी पिढी? २०१९ पासून सहाव्या पिढीचा वायफाय बाजारात आहे. घरात फोन, टीव्ही, संगणक असे पुष्कळ एकदम चालत असले तर तो चांगला, आणि जुने फोनही त्यावर चालतात. २०२४ मध्ये सातव्या पिढीलाही अधिकृत मान्यता मिळाली. मी सातवी आणि वायफायही सातवा, म्हणून मला मोह झाला. पण घरातला एकही फोन त्या इयत्तेचा नाही, मग उगीच दाम कशाला मोजा?

पाचवा, हमी किती वर्षांची, आणि दुरुस्ती कुठे? आम्ही तीन वर्षांच्या हमीचा घेतला. पक्के बिल घेतले, त्यावर डब्याचा क्रमांक लिहून घेतला. बिल नसले की हमी कागदावरच राहते. तक्रार ऐकेनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

सहावा, आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही. कंपनी या डब्याला सुरक्षेची सुधारणा अजून पाठवते का? जुन्या मॉडेलांना ती बंद होते, मग चोरांना दार उघडे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने अशाच मुदत संपलेल्या राउटरांबद्दल लोकांना इशारा दिला होता. कुणाचा वापरलेला डबा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये, तो एवढ्यासाठी. डब्यात डब्ल्यू.पी.ए. दोन किंवा तीन हे कुलूप हवे. आणि घरी आणल्यावर त्याच्या बुडाशी छापलेला गुप्तशब्द बदलावा. नव्या घराला जुन्या मालकाचेच कुलूप आपण ठेवतो का?

आमचा डबा साधारण अडीच हजारांना पडला. सहा शिंगांचा पाच हजारांच्या वर होता.

पण भगिनींनो, नुसता चांगला राउटर आणून काम होत नाही. नवा डबा पुन्हा फ्रिजवर ठेवला, तर माडीवर पहिल्यासारखीच रडकथा. दगडी भिंतीला नवे-जुने कळत नाही. तेव्हा सूनबाईनेच युक्ती काढली. तिने फायबरच्या डबीपासून जिन्याच्या कडेने तार वर नेली आणि राउटर जिन्याच्या तोंडाशी उंच फळीवर ठेवला. आता माडीवर पुरे चालते, आणि जिन्याच्या वाटेने खाली माजघरातही उतरते. तारेला दोनशे-अडीचशे रुपये लागले असतील. राउटर घराच्या मध्याला, उंच, मोकळ्या जागी असावा. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नये. आणि वर रुमाल तर मुळीच नको!

वीज गेली की इंटरनेटही जाते, म्हणून आम्ही एक लहान बॅटरीची पेटीही घेतली. तिचा व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टाइतकाच असावा. जास्त चालत नाही, कमीही चालत नाही. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात. फायबरच्या डबीलाही त्याच पेटीतून वीज द्यावी लागते, हे आम्हांला एकदा वीज गेल्यावर कळले. राउटर जागा आणि डबी झोपलेली! म्हणून दोघांना पुरेल अशीच पेटी बघून घ्या. जुना डबा मात्र आम्ही आतली माहिती पुसून ई-कचऱ्यात दिला. भंगारात टाकला नाही.

महिनाअखेर कचेरीतून पुन्हा फोन आला. त्या दिवशी मी नातीला घेऊन मुद्दाम जिन्याखाली बसले होते. सूनबाई वर तासभर बोलत होती. एकदाही आवाज तुटला नाही. खाली आली आणि म्हणाली, "आई, राहिली नोकरी." मी म्हटले, "त्या रुमालाबद्दल रागावू नकोस." ती हसली आणि म्हणाली, "रुमाल छान आहे. मुलीच्या पाळण्याला लावू." तो आता पाळण्याला आहे.

भगिनींनो, मी त्या मुलीला दोष दिला तो पारख न करता. आपण डबा आणतानाही तेच करतो, माणसाला बोल लावतानाही तेच करतो. आधी तीन दिवस टिपण ठेवावे, तार थेट जोडून पाहावी, मग ठपका कुठे ठेवायचा ते ठरवावे. हे मला या वयात एका डब्याने शिकवले.

ज्यांना तो प्रश्नांचा कागद हवा असेल त्यांनी तिळगूळ घेताना माझ्याकडून मागून घ्यावा. सूनबाईने त्याच्या प्रती काढून दिल्या आहेत.