पिस्तूल रिकामें कीं भरलेलें?

अर्धस्वयंचलित पिस्तुलाविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. मुठींतील काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझीन, काढून घेतलें कीं हत्यार रिकामें झालें, असें पाहणारास वाटतें. परंतु पेटी निघाली तरी नळीच्या मागील घरांत, म्हणजे चेंबरमध्यें, एक काडतूस उरलेलें असूं शकतें. आणि अनर्थास एक पुरेसें होतें. म्हणून जुन्या नामांकित पिस्तुलांतून निवड करूं इच्छिणाऱ्या परवानाधारक संग्राहकानें घाट व नक्षी पाहण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: हें भरलेलें आहे, हें कळतें कसें?

हा प्रश्न यंत्राच्या रचनेंतूनच निघतो. गोळी सुटतांना जो धक्का मागें बसतो, त्याच्याच जोरानें रिकामें टरफल बाहेर फेकलें जातें आणि नवें काडतूस चेंबरमध्यें जाऊन बसतें. चाप मात्र प्रत्येक गोळीस नव्यानें ओढावा लागतो. म्हणून तें 'अर्ध'स्वयंचलित. सारांश, काडतुसें शिल्लक असेपर्यंत बार उडाला कीं पिस्तूल पुन्हां आपोआप भरलेलें!

यावर निरनिराळ्या कारागिरांनीं निरनिराळे तोडगे काढले. जर्मन सैन्यानें १९०८ सालीं स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाचा सांधा गुडघ्याप्रमाणें वर दुमडतो. चेंबरमध्यें काडतूस असतां टरफल ओढणारी त्याची पट्टी किंचित् वर उचलली जाते व तिच्या बाजूवर 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेलें', हा जर्मन शब्द दिसूं लागतो.

अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं घेतलेलें कोल्ट पिस्तूल जॉन ब्राउनिंगच्या बुद्धीचें फळ. १९८५ सालापर्यंत तें त्या सैन्याचें अधिकृत पिस्तूल होतें. मूठ नीट आवळल्याशिवाय त्याचा बार उडत नाहीं. शिवाय अंगठ्याचा एक खटका आहे; तो घोडदळाच्या मागणीवरून बसविला गेला. एका हातीं बिथरलेल्या जनावराचा लगाम असतां दुसऱ्या हातानें हत्यार निर्धोक करतां यावें, हा हेतु. परंतु पेटी काढल्यावर चेंबरमधील काडतूस मात्र चाप ओढतांच उडतें.

१९२६ सालीं ब्राउनिंगला बेल्जममध्यें मृत्यु आला. त्याचें अपुरें काम द्यूदोने सेव्ह यानें पूर्ण केलें व १९३५ सालीं तेरा काडतुसांच्या पेटीचें 'हाय-पॉवर' पिस्तूल सिद्ध झालें. यांत पेटी निघतांच चापाचा आंतील यंत्राशीं संबंध तुटतो. उपाय नामी, पण चाप हलका व्हावा म्हणून कित्येक नेमबाज तोच भाग काढून टाकतात, आणि बाहेरून पाहणारास त्याचा पत्ता लागत नाहीं.

तात्पर्य, कोणताहि खटका डोळ्यांची जागा घेऊं शकत नाहीं. नळीचें तोंड निर्धोक दिशेस व बोट चापाबाहेर ठेवून प्रथम पेटी काढावी. मग वरचा सरकता भाग मागें ओढून चेंबर डोळ्यांनीं पहावें व बोटानें चांचपावें. हा क्रम उलटा झाला, तर निघालेल्या काडतुसाच्या जागीं पेटींतील दुसरें जाऊन बसतें, आणि रिकामें म्हणून खालीं ठेवलेलें पिस्तूल भरलेलेंच राहतें. लुगरची कारागिरी मोहक, कोल्टचा साधेपणा विश्वासू, हाय-पॉवरची पेटी भरघोस. परंतु ज्याचें चेंबर तपासण्याची रीत हातांत पूर्ण मुरली आहे, तेंच पिस्तूल निवडण्यास योग्य.