महागाईचा धनी कोण?



जुन्नरहून घाटघरच्या दिशेने गेलेल्या माणसाला नाणेघाटाच्या माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या राज्यात कोकणच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने देशावर चढत असे आणि व्यापाऱ्यांनी भरलेल्या जकातीची नाणी या रांजणात पडत, असे परंपरा सांगते. जुन्नरच्या परिसरातील डोंगरांत कोरलेल्या लेण्यांपैकी एका ठिकाणी शिलालेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आढळते. धान्याच्या व्यवहारात मधल्या माणसाचा वाटा असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. मात्र तो वाटा घेणारा वर्ग समाजाचे काही देणे लागतो, ही जाणीव त्या काळी दगडात कोरली जात होती.

आज जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांचे आधार आहेत. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याच्या बाजारातील कांदा, मंचरची तरकारी आणि सातगाव पठारावरचा बटाटा यांशिवाय या शहरांची मंडई भरत नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्याने येथील पूर्व भाग बारमाही हिरवा केला. म्हणूनच किराणा आणि भाजीपाला महागला की दोषी कोण, या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयात किंवा वृत्तवाहिनीच्या चर्चेत शोधण्यापूर्वी या दोन तालुक्यांत शोधले पाहिजे.

एका वर्षाची कहाणी

महागाईचा बोभाटा झाला की आरोपांची साखळी ठरलेली असते. गृहिणी हातगाडीवाल्याला बोल लावते, हातगाडीवाला वाशीच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी पावसाला दोष देतो, शासन साठेबाजांवर छापे घालते आणि विरोधी पक्ष शासनावर मोर्चा नेतो. साखळीच्या एका टोकाचा शेतकरी मात्र या सर्वांच्या दृष्टीने कधी लखपती असतो, तर कधी भिकारी. तो दोन्ही कसा असू शकतो, हे समजण्यासाठी २०२३ हे एकच वर्ष पुरेसे आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोचा भाव किलोला दोन-चार रुपयांपर्यंत कोसळला. तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी लाल माल रस्त्यावर ओतला, कोणी उभ्या पिकात जनावरे सोडली. ज्याचे हात पोळले त्याने पुढची लागवड आखडती घेतली. त्यातच कर्नाटकात पांढऱ्या माशीमुळे पसरलेला रोग, महाराष्ट्रातील विषाणू आणि उत्तरेतील अतिवृष्टी यांची भर पडली. जुलैमध्ये नारायणगावच्या उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव मिळाला आणि शहरांत टोमॅटो शंभर ते दोनशे रुपये किलोवर गेला. त्या महिन्यात देशाचा किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के, तर अन्नधान्याचा ११.५१ टक्के झाला. जुन्नरचे काही शेतकरी लक्षाधीश झाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आयात करण्याचा निर्णय झाला. दरम्यान भाव पाहून सर्वांनीच लागवड केली होती. तो माल बाजारात आला आणि सप्टेंबरमध्ये भाव पुन्हा जमिनीवर आले.

मेमधील रस्त्यावरचा चिखल ही बातमी आतल्या पानावर येते आणि जुलैतील शंभर रुपये किलोची बातमी पहिल्या पानावर. वास्तविक या दोन वेगळ्या बातम्या नाहीतच. जुलैची महागाई मेच्या मंदीच्या पोटी जन्मली. शेतकरी बुडत असताना जो समाज स्वस्ताईचा आनंद घेतो, त्याला दोन महिन्यांनी त्या आनंदाचे बिल येते.

खोडदचे कान आणि बाजाराचे बहिरेपण

नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले आकाशगंगांचे क्षीण संकेत तिच्या तबकड्या टिपतात. त्याच शिवारात टोमॅटोची रोपे लावणाऱ्याला मात्र दोन महिन्यांनी तोडा सुरू होईल तेव्हा नाशिक, कोलार आणि नारायणगाव मिळून किती माल बाजारात उतरणार आहे, हे सांगणारी यंत्रणा नाही. रोपे, मल्चिंगचा कागद, ठिबक, बांबू, तार, औषधे आणि मजुरी यांवर एकरी मोठी रक्कम आधीच जमिनीत गेलेली असते. तो पेरणी करीत नाही, पैज लावतो. पैजेत जिंकणाऱ्याचे छायाचित्र छापून येते, हरणाऱ्याचे येत नाही.

माल काढणीनंतर थांबवता आला, तरी निम्मा प्रश्न सुटेल. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण साध्या चाळीत त्यातील तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत माल सडतो, वजन घटते, कोंब फुटतात. टोमॅटो तर आठवडाही थांबत नाही. टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्यासाठी केंद्राने २०१८च्या अर्थसंकल्पात ‘ऑपरेशन ग्रीन्स’ची घोषणा केली आणि पाचशे कोटींची तरतूद केली. दिशा योग्य होती. परंतु त्यानंतर पाच वर्षांनी २०२३चा उन्हाळा आला, यातच काम किती शिल्लक आहे ते दिसते.

मधला माणूस

दलाल हा शब्द मराठीत शिवी होऊन बसला आहे. न्यायाने पाहिले तर आडत्या पहाटे उठतो, मालाची प्रतवारी पाहतो, उधारी सोसतो आणि नाशवंत मालाचा धोका पत्करतो. त्याच्यावाचून नारायणगावचे क्रेट दिल्लीला पोहोचणार नाही. प्रश्न त्याच्या अस्तित्वाचा नसून साखळीतील कड्यांच्या संख्येचा आणि स्पर्धेच्या अभावाचा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासपत्रानुसार ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातील टोमॅटो उत्पादकाच्या हाती सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाच्या हाती ३६ आणि बटाटा उत्पादकाच्या हाती ३७ पैसे पडतात. उरलेले पैसे हमाली, तोलाई, वाहतूक, नासाडी, आडत आणि एकामागून एक हातांचा नफा यांत विरतात.

१९६३च्या कायद्याने महाराष्ट्रातील बाजार समित्या शेतकऱ्याला सावकाराच्या काट्यापासून वाचवण्यासाठी उभ्या राहिल्या. काळाच्या ओघात त्यांच्यापैकी अनेक राजकारणाची पहिली पायरी झाल्या. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. कायद्याने दार उघडले, पण दारातून बाहेर पडायला रस्ता, वाहन, साठवण आणि संघटन लागते. ते ज्याच्याजवळ नाही त्या दोन एकरांच्या शेतकऱ्याला जुनेच आवार जवळचे वाटते, यात नवल नाही.

डाळ आणि तेलाचा धडा

भाजी दोन आठवड्यांत स्वस्त होऊ शकते, किराण्याची महागाई मात्र मुक्काम ठोकते. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा छापे पडले, आयातीचे करार झाले. भाव पाहून शेतकऱ्याने तूर लावली आणि २०१६-१७ मध्ये विक्रमी पीक आले. तेव्हा ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर असूनही महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि बारदानाही अपुरा पडला. टोमॅटोची कहाणी डाळीच्या रूपाने पुन्हा घडली, एवढेच.

खाद्यतेलाचा धडा याहून कठोर आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया अभियानामुळे १९९०च्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. पुढे आयातीची दारे उघडली, स्वस्त पामतेल आले आणि करडई, तीळ, कारळे मागे पडले. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवरच्या कढईला त्याची झळ लागली. त्याच वाडीच्या उतारावर एके काळी खुरासणीची पिवळी फुले डोलत आणि गावाच्या घाण्यावर तिचे तेल निघे. स्वस्त मिळते म्हणून स्वतःची चूल परक्याच्या हाती दिली, तर महाग पडण्याचा दिवसही परकाच ठरवतो.

शासनाची झोप आणि जाग

कांद्याने सरकारे हलवली आहेत. १९८०च्या निवडणुकीत तो प्रचाराचा विषय झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीतील भाजपच्या पराभवात त्याचा मोठा वाटा होता. म्हणून शासन कोणत्याही पक्षाचे असो, कांद्याच्या भावाची त्याला धास्ती असते, आणि ही धास्ती शहरातून येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कांदा मातीमोल झाला तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले. ऑगस्टमध्ये भाव सावरू लागताच केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण शुल्क राहिले. ते सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ रोजी संपले. पडत्या काळात अनुदानाचा तुकडा आणि चढत्या काळात निर्यातीला कुलूप, हे धोरण आपल्या विचारांच्या शासनाने राबवले तरी चुकीचेच ठरते. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये स्थापन झालेला भारतीय किसान संघ उत्पादन खर्चावर आधारित लाभकारी मूल्याची मागणी प्रत्येक शासनापुढे ठेवत आला, त्याचे कारण हेच आहे.

शासनकर्त्यांना दूर पाहावयाचे नसेल, तर त्यांनी शिवनेरीकडे पाहावे. तेथे जन्मलेल्या राजाने १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगीज अमलाखालील बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. परमुलखातील मीठ स्वस्त पडले तर स्वराज्यातील मिठागरे ओस पडतील, हे महाराजांनी ओळखले होते. चिपळूणजवळच्या आपल्या फौजेलाही त्यांनी बजावले की, दाणागोटा, भाजीपाला लागेल तो बाजारात जाऊन रास्त मोलाने विकत घ्यावा, रयतेला उपद्रव देऊ नये. पिकवणाऱ्याला जगवणारे मोल हेच खरे स्वस्त मोल, असा या दोन्ही आज्ञांचा अर्थ आहे.

दोषी आणि उपाय

या सर्व व्यवहारात सर्वाधिक सोसते कोण? नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांतून आलेल्या भगिनी कामाची वाट पाहत उभ्या असतात. टोमॅटो पडला की तोडणी थांबते आणि त्यांचा रोजगार जातो. टोमॅटो, डाळ, तेल चढले की त्यांच्या ताटातील वाटी रिकामी होते. सरकारी धान्य दुकानातून तांदूळ-गहू मोफत मिळतो, पण त्याच्याबरोबर खायचे कालवण बाजारातूनच आणावे लागते. मंदी आणि महागाई दोन्हींचा तडाखा एकाच पाठीवर बसतो. शेतकरी आणि ग्राहक हे शत्रू आहेत, ही मांडणी या एका भगिनीकडे पाहिले तरी खोटी ठरते. पंडित दीनदयाळजींनी समाजाला एक शरीर मानले, ते याच अर्थाने.

दोष वाटून घ्यायचा तर तो पेरणीचा अंदाज न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे, साठवण न उभारणाऱ्या शासनाचा आहे, स्पर्धा रोखणाऱ्या बाजाराचा आहे. आणि मंदीत गप्प बसून महागाईतच बोलणाऱ्या मध्यमवर्गाचाही आहे. हा शेवटचा वाटा कोणत्याही कायद्याची वाट न पाहता फेडता येतो.

पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. मुंबईत शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवण्याची पद्धत गेली अनेक दशके चालू आहे. त्याच धर्तीवर शाखेच्या, भजनी मंडळाच्या, गृहनिर्माण संस्थेच्या वीस-पंचवीस कुटुंबांनी जुन्नर-आंबेगावातील एखाद्या शेतकरी गटाशी वर्षभराचा शब्द बांधावा. भाव हंगामापूर्वी ठरवावा. तो पडला तरी कुटुंबांनी शब्द मोडू नये, चढला तरी शेतकऱ्याने मोडू नये. उन्हाळ्यात कांदा चाळीसाठी आगाऊ रक्कम द्यावी. टोमॅटो रस्त्यावर येण्याच्या दिवसांत वाड्या-सोसायट्यांतून सॉस, चटणी, वाळवण करावे. करडई आणि शेंगदाण्याचे घाण्याचे तेल घरात परत आणावे. काही लाख घरांनी असे केले, तर मे आणि जुलै यांतील दरी बुजू लागेल.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे हा गिरणी कामगार आडवा झाला आणि त्याने प्राण दिले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचे नाव आहे. काय विकत घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हा त्या कामगाराने देशाचा प्रश्न मानला. त्याच जलाशयाच्या पाण्यावर पिकलेली भाजी आपल्या घरात येते. पिशवी हाती घेऊन बाजाराला निघालेल्या प्रत्येकाने एवढे स्मरण ठेवले आणि पिकवणाऱ्याशी नाते जोडले, तर महागाईचा धनी शोधण्याची पाळी वारंवार येणार नाही.