यकृतावरचा पांढरा ठिपका

आज एका लहानशा ठिपक्याबद्दल बोलूया.

समजा, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू आहे. पोट उघडल्यावर यकृतावर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गाठ दिसते. कॅन्सर तिथवर पोचला असेल, तर मोठी शस्त्रक्रिया बहुधा थांबवावी लागते. नसेल, तर पुढे जायचं. तुकडा लगेच लॅबमध्ये जातो. गोठवून त्याचे पातळ काप करतात, याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. वीसेक मिनिटांत उत्तर द्यायचं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो बारीक नळ्यांचा पुंजका. तो बाइल डक्ट अ‍ॅडिनोमा असू शकतो, म्हणजे पित्तनलिकांची निरुपद्रवी गाठ. ती बहुतेकदा १ सेंटिमीटरहून लहान आणि यकृताच्या आवरणालगत असते. पेशी एकसारख्या, विभाजन जवळजवळ नाहीच. कॅन्सरच्या पेशी वेड्यावाकड्या असतात, आजूबाजूला घुसतात, मज्जातंतूंना वेढतात. पण काही कॅन्सर अगदी सभ्य दिसतात, आणि गफलत तिथेच होते.

अशा वेळी विशेष स्टेन, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, मदतीला येते. केआय-६७ वरून किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत ते कळतं. अ‍ॅडिनोमात त्या थोड्याच असतात. पी१६ हे पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन. अ‍ॅडिनोमात ते सहसा दिसतं. स्वादुपिंडाच्या बहुतेक आणि पित्तनलिकांच्या अनेक कॅन्सरमध्ये ते हरवलेलं असतं. ईझेडएच२ चं उलट आहे, ते पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये वाढलेलं आढळतं.

आता गंमत बघा. ब्राफ जनुकातला व्ही६००ई बदल ऐकला की कॅन्सरच आठवतो. पण तो बऱ्याच अ‍ॅडिनोमांतही सापडतो! म्हणून एकाच चाचणीवर विसंबायचं नसतं. पी१६ ‘दिसलं नाही’ तर ते खरंच नाही की स्टेनच नीट लागला नाही, हेही कंट्रोल स्लाइडवर तपासावं लागतं.

अडचण अशी की या स्टेनना निदान एखादा दिवस लागतो. टेबलावर पेशंट असताना हाती असते फक्त गोठवलेली काच आणि अनुभवी नजर. म्हणून “कॅन्सरचा पुरावा दिसत नाही, पक्का अहवाल नंतर” हे उत्तर म्हणजे टाळाटाळ नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

आणि शंका उरलीच, तर मेणातले ब्लॉक लॅबमध्ये जपलेले असतात. ते मागून दुसरं मत घ्यायला बिचकू नका. भेटूया पुढच्या भागात.