वहीतली चूक आणि कपाळावरची राख

आज बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पण विषय फिरून तिथेच येणार आहे, हे आधीच सांगते.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांत सध्या उपवासकाळ चालू आहे. कुणी त्याला लेंट म्हणतं, कुणी प्रायश्चित्तकाळ. गटातल्या बायका मला विचारतात, "ताई, तुमचा उपवास किती दिवसांचा?" 40 दिवसांचा. येशू अरण्यात 40 दिवस उपाशी राहिला, मोहाला तोंड दिलं, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो आणि पुढे ईस्टरचा सण येतो. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजाल तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतील. मधले 6 रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा, आनंदाचा वार.

पहिल्या दिवशी फादर कपाळावर राखेने क्रूसाची खूण करतात. ही राख कुठून येते माहीत आहे? आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात घेऊन आम्ही जयजयकार करतो, त्याच वाळवून जाळतात. कालचा मिरवण्याचा तोरा आज राख होऊन कपाळावर येतो.

कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे. दिवसात एकदाच पोटभर जेवायचं. शुक्रवारी मटण-चिकन नाही. हा उपवास 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून 59 वर्षांपर्यंतच्यांना. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी बाई यांना त्यातून सूट आहे. हे मुद्दाम सांगते, कारण अंगात रक्त नसताना उपास करणाऱ्या बायका सगळ्याच धर्मांत आहेत.

आता माझी गोष्ट. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, त्यांना विचारूनच सांगते. त्यांना नुसतं मावशी म्हणू.

मावशींनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं होतं. एका सभेत मी वही वाचत होते. त्यांच्या नावापुढे एका महिन्याचा 500 रुपयांचा हप्ता दिसेना. मावशी म्हणाल्या, "पोरी, मी दिलेत. रेशनच्या रांगेत तुझ्या हातात दिलेत." मी म्हणाले, "मावशी, वहीत नाही म्हणजे दिले नाहीत. वही खोटं बोलत नाही." सगळ्या जणी गप्प. कुणीतरी हळूच हसलं. पुढच्या सभेत मावशींनी पुन्हा 500 रुपये आणून ठेवले. त्यानंतर त्या सभेला यायच्या बंद झाल्या. बचत सुनेच्या हाती पाठवायच्या.

मग मार्च आला. उपवासकाळ आणि आपलं मार्चअखेरचं हिशेबाचं काम दरवर्षी गळ्यात गळा घालूनच येतात. रात्री वह्या जुळवत बसले होते, आणि ते 500 रुपये सापडले. आमच्या गटात एकाच नावाच्या दोघी आहेत. रेशनच्या रांगेत घेतलेले पैसे मी घरी येऊन दुसरीच्या खात्यावर चढवले होते. अक्षर माझंच होतं.

खरं सांगते, पहिला विचार आला तो नोंद गुपचूप दुरुस्त करण्याचा. तारीख टाकायची, सही करायची, मावशींच्या घरी जाऊन पैसे द्यायचे, की झालं. त्या वर्षी मी चहा सोडला होता, मांस सोडलं होतं, दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जात होते. आपण बरंच काही करतोय असं वाटत होतं.

त्या शुक्रवारी देवळात मन लागेना. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेलं आठवत राहिलं. देवापुढे अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. मी उठले आणि थेट मावशींच्या घरी गेले.

मावशी ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे. तू मला खोटी ठरवलंस ते सगळ्यांसमोर. आणि खरी ठरवायला एकटीच आलीस होय?"

मैत्रिणींनो, पश्चात्ताप म्हणजे काय ते मला त्या उंबऱ्यावर कळलं. वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. वाईट तर मला रात्रीपासूनच वाटत होतं. जे घेतलं ते परत करायचं, आणि जिथे घेतलं तिथेच परत करायचं. मी मावशींचे 500 रुपये घेतले होते, आणि अब्रूही घेतली होती. चारचौघींत घेतलेली अब्रू कुणाच्या कानात परत देता येत नाही.

बायबलमध्ये जक्कयाची गोष्ट आहे. यरीहो गावचा मोठा जकातदार, श्रीमंत, पण बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी उतरला. तेव्हा जक्कय उभा राहून बोलला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. नियमशास्त्रात, घेतलेलं कबूल करून परत करणाऱ्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा असं होतं. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला.

पुढच्या सभेत मी मावशींना हात जोडून बोलावलं. उभी राहिले, वही उघडली, चूक वाचून दाखवली. माझी चूक, माझं अक्षर, माझा उद्धटपणा. मावशींचं कर्ज तोवर फिटलं होतं, म्हणून गटाने त्यांना 500 रुपये परत दिले. मी माझ्या पदरचे 100 वर ठेवले. ते त्यांनी परत सरकवले. म्हणाल्या, "हे नको. तू फक्त वही नीट लिही." ज्या दुसरीच्या खात्यावर ते पैसे चढले होते, तिच्या नावावर 500 रुपये निघाले. तिने दोन सभांत ते भरले, तिचीही मी माफी मागितली.

तेव्हापासून आमच्या गटात रस्त्यात पैसे घ्यायचे नाहीत. सभेतच घ्यायचे, तिथल्या तिथे पासबुकात लिहायचे, आणि सभा संपायच्या आत सगळ्या नोंदी मोठ्याने वाचायच्या.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पश्चात्ताप करायचा तो ज्याने चूक केली त्याने. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "तूच नमतं घे, माफ कर" असं सांगणं हा धर्म नव्हे. मावशींना कुणी "सोडून दे" म्हटलं असतं, तर माझी चूक तशीच झाकून राहिली असती.

मावशी आता सभेला येतात. पण हप्ता दिला की पासबुक हातात घेतात आणि शेजारच्या शिकलेल्या पोरीकडून नोंद वाचून घेतात. दरवेळी. मला त्याचं वाईट वाटत नाही. विश्वास एका सभेत जातो, पण परत यायला बऱ्याच सभा लागतात.

तुमच्यात कुणी उपवास करत असेल, नसेल. पण मार्चअखेरला वही उघडाल, तेव्हा आकड्यांबरोबर हेही बघा, की आपण कुणाला चारचौघींत खोटं पाडलंय का. पाडलं असेल, तर पुढची सभा फार लांब नाही.